झोपलेल्यांशी बोलणारे डॉक्टर

भूल देणाऱ्या डॉक्टरचा चेहरा सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. पेशंट त्याला पाहतो तेव्हा स्वतः आडवा पडलेला असतो, घाबरलेला असतो, आणि डॉक्टरच्या तोंडावर मास्क असतो. नंतर पेढे जातात ते सर्जनकडे. भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मात्र उलटं होतं. पिपलानीच्या बाजारात डॉ. भास्कर उमाठे मेथीची जुडी निवडत उभे राहिले की शिफ्ट सुटलेले वेल्डर सायकलवरून उतरून त्यांना नमस्कार करायचे. "नींदवाले डॉक्टरसाब" हे त्यांचं तिथलं नाव. बऱ्याच जणांना उमाठे हे आडनाव ठाऊकही नव्हतं.

मी त्याच कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स विभागात इंजिनियर होते. लग्न होऊन नागपूरहून भोपाळला आले होते. कारखान्याच्या हॉस्पिटलमध्ये नवी यंत्रं यायला लागली, तेव्हा ती सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून मला तिकडे तात्पुरतं पाठवलं, आणि मी निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. म्हणजे उमाठ्यांना मी जवळून पाहिलं, पण यंत्रांच्या बाजूनं. पेशंटच्या बाजूनं पाहायची वेळ माझ्यावर आली नाही. ती त्यांच्यावरच आली. त्या गोष्टीचा धक्का इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून पुरता गेलेला नाही.

पहिली भेट ऑपरेशन थिएटरमध्ये झाली. बोटाला चिमटा लावला की रक्तातला प्राणवायू पडद्यावर दाखवणारा मॉनिटर आमच्याकडे पहिल्यांदाच आला होता. तो मिळावा म्हणून उमाठ्यांनी प्रशासनाकडे किती खेटे घातले होते, ते सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं. मी वायर जोडली न जोडली, तोच त्यांनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला आणि श्वास रोखून धरला. आकडा उतरू लागला. यंत्र केकाटायला लागलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला तरी गृहस्थ श्वास घेईना. मी घाबरून म्हटलं, "डॉक्टर, पुरे करा आता."

त्यांनी श्वास सोडला, भिंतीला टेकले आणि लहान मुलासारखे हसले.

"खरं बोलतंय," ते म्हणाले. "फार चांगलं झालं, इंजिनियरबाई. आता मला पेशंटकडे बघायला वेळ मिळेल."

आमचे सर्जन सक्सेनासाहेब हात धूत होते. ते म्हणाले, "अरे उमाठेजी, अब तो आप आराम से अख़बार पढ़ सकते हैं." सगळे हसले. उमाठेही हसले. पण त्या यंत्रामुळे मोकळा झालेला वेळ त्यांनी कधी वर्तमानपत्रावर घालवला नाही.

नवं यंत्र नीट चालतंय ना, हे बघायला सुरुवातीच्या काही ऑपरेशनांना मी थिएटरमध्ये कोपऱ्यात उभी असायची. एकदा टेबलावर रघुवीर नावाचा मशीन शॉपमधला कामगार होता. पित्ताशयात खडे होते. तोंडात नळी, डोळ्यांवर चिकटपट्ट्या, पूर्ण बेशुद्ध. त्याच्या डोक्यापाशी स्टुलावर उमाठे बसले होते. त्याचा एक हात त्यांनी चादरीबाहेर काढून फळीवर ठेवला होता आणि त्याचा तळवा आपल्या तळव्यावर घेतला होता. मध्येच ते त्याच्या कानाशी वाकले आणि अगदी साध्या, बोलायच्या आवाजात म्हणाले, "रघुवीर भैया, आधा काम हो गया. पत्थर निकल गए हैं. सब ठीक चल रहा है, मैं यहीं बैठा हूँ."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. थोड्या वेळानं परत वाकले. "अब टाँके लग रहे हैं भैया. बस थोड़ी देर."

मी सिस्टर जोसेफकडे पाहिलं. ती कुजबुजली, "इनका रोज का है, मैडम."

नंतर चहा पिताना मी त्यांना विचारलंच. "डॉक्टर, झोपलेल्या माणसाशी काय बोलता तुम्ही?"

"सवय," ते म्हणाले, आणि बशीत चहा ओतू लागले. एवढं बोलून विषय बंद करायची त्यांची पद्धत होती. मी पुढं विचारलं नाही.

त्यांची दुसरी सवय म्हणजे आदल्या संध्याकाळच्या भेटी. उद्या ज्याचं ऑपरेशन आहे, तो वॉर्डात असो की अजून घरी, उमाठे त्याला भेटल्याशिवाय राहत नसत. घरी असेल तर स्कूटर काढून बरखेड्याच्या गल्लीबोळांत क्वार्टर शोधत जायचे. तिथं खुर्ची ओढून बसायचे, दिलेलं सरबत प्यायचे, मग तोंड उघडायला लावायचे, हलणारा दात आहे का बघायचे, दमा, गोळ्या, तंबाखू सगळं विचारायचे. आणि उठताना हमखास विचारायचे, "घर में आपको क्या कहकर बुलाते हैं?"

मराठी घर असेल तर, "घरी काय म्हणतात तुम्हाला?"

लोक लाजायचे. एखादी पन्नाशीची बाई पदर तोंडाला लावून सांगायची, "छकुली." ते गंभीरपणे मान हलवायचे आणि निघायचे. हे कशासाठी ते मला एका साहेबामुळे कळलं.

फाउंड्रीचे प्रमुख मल्होत्रासाहेब म्हणजे कारखान्यातला दरारा. त्यांच्या केबिनबाहेर माणसं शर्टाची वरची बटणं लावून घेत. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आणि झाल्यावर ते लवकर शुद्धीवर येईनात. मी शेजारच्या खोलीत एक पंप दुरुस्त करत होते. सिस्टर हाका मारतेय, "सर, आँखें खोलिए सर." सक्सेनासाहेब हाका मारतायत, "मल्होत्राजी." मॉनिटरवर सगळं ठीक, पण माणूस प्रतिसाद देत नाही. बाहेर त्यांच्या पत्नीच्या रडण्याचा आवाज यायला लागला होता.

उमाठे आले. त्यांनी मल्होत्रांच्या कपाळावर हात ठेवला, कानाशी वाकले आणि हळू म्हणाले, "गुड्डू, उठो बेटा. स्कूल का टाइम हो गया."

मल्होत्रासाहेबांनी डोळे उघडले. एवढा दांडगा माणूस, छतावरच्या दिव्याकडे बघत स्पष्ट म्हणाला, "अम्मा?"

सिस्टर जोसेफनं तोंड फिरवलं. उमाठे म्हणाले, "अम्मा बाहर हैं. आप ठीक हैं." मल्होत्रांची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली असणार, पण त्या क्षणी ते कुणाला खोटं वाटलं नाही. मी हातातला पेचकस तसाच धरून उभी होते. माणसाच्या आत इतकं खाली कुणीतरी राहत असतं आणि त्याला एका नावानं वर बोलावता येतं, हे मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

यंत्रं वाढत गेली. श्वास देणारं नवं यंत्र आलं, औषध ठरल्या वेगानं आपोआप सोडणारे पंप आले. उमाठे प्रत्येक यंत्राच्या वेळी माझ्या डोक्याशी उभे राहून शंभर प्रश्न विचारायचे. हा पंप कधी खोटं बोलेल, हे त्यांना पहिल्यांदा कळायला हवं असे. "यंत्राला शिव्या देणारे डॉक्टर आळशी असतात," असं ते म्हणत. "आणि यंत्रावर सोडून देणारेही." नवीन मुलं शिकायला आली की त्यांना ते स्टुलावर बसवायचे आणि एकच गोष्ट सांगायचे: पेशंटचा हात झाकायचा नाही. थंडी वाजेल म्हणून सिस्टरनं चादर ओढली तरी ते ती परत बाजूला करायचे. मुलं मागून त्यांची नक्कल करायची. मीही एकदोनदा हसलेय.

निवृत्त झाल्यावर त्यांनी अवधपुरीत लहानसं घर बांधलं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मूळच्या अमरावतीच्या. मुलगा पुण्याला. मी जवळच राहायला असल्यानं येणंजाणं राहिलं. तेव्हाही सकाळी फिरायला निघाले की चार माणसं त्यांना थांबवून आपल्या ऑपरेशनबद्दल विचारायची आणि ते रस्त्यात उभे राहून सविस्तर सांगायचे.

मग त्यांच्या आतड्यात गाठ निघाली. लवकर कळली होती, काढली तर बरे होणार होते. मुलानं शहरातलं एक मोठं, नवं खाजगी हॉस्पिटल ठरवलं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथली यंत्रं मी आयुष्यात हाताळली नव्हती इतकी नवी होती. उमाठे खूश होते. जायच्या आदल्या संध्याकाळी मी घरी गेले तर ते तयार होऊन बसले होते.

"कुणी येऊन गेलं का भूलवाले?" मी सहज विचारलं.

"आता तशी पद्धत नाही," ते म्हणाले. "फोनवर माहिती भरून घेतली. चांगली सोय आहे."

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, आतडं जुळेपर्यंत मळ गोळा व्हायला पोटावर काही महिन्यांसाठी पिशवी लावली, पुढं एक लहान ऑपरेशन करून ती काढायची होती. सगळं उत्तम, असं मुलानं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले. काकू खोलीच्या बाहेर उभ्या होत्या.

"बोलतच नाहीयेत," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात या वयात होतो भ्रम. तू बघ बरं."

उमाठे उशाला टेकून बसले होते. डोळे उघडे. नर्स औषध द्यायला आली, तसे ते इतके दचकले की तिच्या हातातला ट्रे खाली पडला. ती गेल्यावर त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"इंजिनियरबाई," ते म्हणाले. आवाज खरखरत होता. "मी जागा होतो."

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, "रात्री झोप नाही लागली का?"

"ऑपरेशनच्या वेळी," ते म्हणाले.

मी खुर्चीत बसले. त्यांनी डावा हात चादरीतून बाहेर काढला. कोपराखालचा भाग टम्म सुजलेला, काळानिळा. सुई लावली होती ती जागा.

"सुरुवातीला झोप लागली होती. मग सुई शिरेतून निसटली," ते म्हणाले. ते अगदी शांतपणे, मला एखादं यंत्र समजावून सांगावं तसं सांगत होते. "हातपाय ढिले पाडायचं औषध आधी आत गेलं होतं. त्यामुळे मला पापणीही हलवता येईना. झोपेचं औषध मात्र नंतर मांसात साठत राहिलं. पंप दाखवत होता, औषध दिलं. दिलंच होतं त्यानं."

मी त्या हाताकडे बघत राहिले. पंपांचं सगळं काम मला ठाऊक होतं. किती औषध ढकललं ते पंप सांगतो. ते कुठं गेलं, हे बघायला माणसाला चादर उचलावी लागते.

"पण रक्तदाब वाढला असणार," मी म्हटलं. "मॉनिटरनं सांगितलं असणार."

"ओरडत होता बिचारा. मी ऐकत होतो. वाटलं, आता कुणीतरी बघेल. त्यांनी दुसऱ्या हाताच्या सुईतून रक्तदाब उतरवायचं औषध दिलं आणि मॉनिटरचा आवाज बारीक केला."

"दुखत होतं?" असा बावळट प्रश्न माझ्या तोंडून गेला.

ते म्हणाले, "ते सांगत नाही मी. ते तुमच्या काकूंनाही सांगू नका." आणि नंतर, "कुणी हात लावेल, म्हणून वाट बघत होतो. भूल देणारी डोक्यापाशी बसली आहे हे कळत होतं. तिचा आवाज येत होता. ती माझ्याशी बोलत नव्हती."

शेवटी त्यांना खोकल्यासारखं झालं, तेव्हा तिथं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि भुलीचा वायू देऊन झोपवलं. किती वेळ गेला होता ते त्यांना सांगता येत नव्हतं. आयुष्यभर लोकांना झोपवणारा हा माणूस. मी तिथून बाहेर पडले ती जिना चुकून भलत्याच मजल्यावर गेले.

हॉस्पिटलनं ते मानलं नाही. सर्जन म्हणाले, सगळी रीडिंग्ज आमच्याकडे आहेत, मर्यादेत आहेत. मानसोपचाराच्या डॉक्टरांना पाठवलं. मुलालाही आधी भ्रमच वाटला, आणि सुजलेला हात पाहिल्यावर तो कोर्टात जायचं म्हणू लागला. उमाठे घरी आले आणि गप्प झाले. बाजारात जाईनात. कुणी मागून हाक मारली तर थरथरायचे. महिने गेले, पिशवी काढायची वेळ आली, तर म्हणाले, "नको. मी पिशवीसकट राहीन."

काकू रडल्या. मुलानं समजावलं. काही उपयोग नाही. ज्यानं हजारो घाबरलेल्या माणसांना टेबलापर्यंत धीर देत नेलं, तो आता हॉस्पिटलचं नाव निघालं की उठून आत जायचा.

असंच एकदा मला त्यांचा फोन आला. "रविवारी दुपारी या. त्या मुलीला बोलावलंय."

"कुठल्या मुलीला?"

"माझ्या डोक्याशी बसली होती ती."

कोर्टाची वगैरे भाषा चालू असताना ही मुलगी येईल असंही वाटलं नाही. पण ती आली. डॉ. मेघना खोत. तिशी नुकती ओलांडलेली, भोपाळमध्येच वाढलेली मराठी मुलगी. सोफ्याच्या काठावर बसली. हातात टॅब होता, तो तिनं ढालीसारखा छातीशी धरला होता.

"सर, मी हॉस्पिटलला न सांगता आले," ती म्हणाली. "मला मना केलंय बोलायला. पण सर, रीडिंग्ज तर बरोबर येत होत्या ना. बीपी थोडा वाढला, तो मी संभाळला. पंप पण चालू होता. तुम्ही बघा पाहिजे तर." तिनं टॅब पुढं केला.

उमाठ्यांनी टॅबकडे पाहिलंही नाही.

"तुझ्या आईचा ताप उतरला का, बेटा?" त्यांनी विचारलं.

मेघनानं पुढं केलेला टॅब मागं घेतला.

"तू सिस्टरला सांगत होतीस. तीन दिवस उतरत नाहीये, डेंग्यू असेल का म्हणून. भाऊ लक्ष देत नाही. तू रजा मागितलीस तर मिळाली नाही. मला काळजी लागून राहिली होती."

तिच्या हातातून टॅब मांडीवर घसरला. चेहऱ्यावरचा रंग असा उतरलेला मी कुणाचा पाहिला नाही. "सर," ती म्हणाली. मी उठून बाहेर जायला निघाले. पण उमाठ्यांनी हातानं मला थांबवलं.

"बरी आहे ना आता?"

तिनं मान हलवली आणि ओंजळीत तोंड लपवलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. काकूंनीही नव्हतं.

"मी तुझ्याहून लहान होतो," ते म्हणाले. "नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. फुलवती नावाची बाई होती, एका फिटरची बायको. सिझेरियन होतं. भूल मी दिली. दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेलो तर ती म्हणाली, डॉक्टरसाब, हम जाग रहे थे. सर्जन हसले. म्हणाले, सपना देखा होगा. मीही हसणारच होतो. पण तिनं आम्ही क्वार्टरबद्दल काय बोललो ते शब्दन् शब्द सांगितलं. मग म्हणाली, आपमें से किसी ने कहा, बच्ची नीली पड़ गई, रो नहीं रही. उसके बाद कोई कुछ नहीं बोला."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मुलगी थोड्या वेळानं रडली होती. पण तिला पलीकडच्या खोलीत नेलं होतं, तिथं. ही बाई टेबलावर पडून, बोटही न हलवता, मुलगी मेली असं समजून आमचे टाके पडेपर्यंत जागी होती. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. वाटलं, शिव्या देईल, नवरा मारेल. ती म्हणाली, दर्द तो हम सह लेते, साब. कोई कान में इतना कह देता कि साँस चल गई है."

रघुवीरच्या कानाशी वाकलेले उमाठे मला आठवले, आणि त्यांच्या नकलेला मी हसले होते तेही. एवढी वर्षं आम्ही ज्याला त्यांची लहर समजत होतो, तिच्या मुळाशी हे होतं.

मेघनाचे डोळे वाहत होते. ती म्हणाली, "सर, मी ही लाइन सोडून देणार होते. मला थिएटरमध्ये जायलाच भीती वाटते आता."

"मलाही," उमाठे म्हणाले.

काकूंनी पोहे आणले. उमाठ्यांनी बशी घेतली, एक घास खाल्ला आणि अगदी सहज म्हणाले, "माझी पिशवी काढायचीय. भूल तू देशील का?"

मी म्हटलं, "डॉक्टर, अहो, काय बोलताय तुम्ही?" भोपाळमध्ये इतके नावाजलेले लोक होते. त्यांचे स्वतःचे विद्यार्थी होते. मेघना तर उठून उभीच राहिली. "सर, मी नाही. प्लीज. कोणीपण सीनियर घ्या. मी नाही करू शकत."

"सीनियर लोक मॉनिटर उत्तम बघतात," ते म्हणाले. "तू आता माझ्याकडे बघशील. याबाबतीत तुझ्याइतकी खात्री मला कुणाचीच नाही."

मुलानं पुण्याहून फोनवर खूप आकांडतांडव केलं. उमाठ्यांनी ऐकून घेतलं आणि ऑपरेशन दुसऱ्या, लहानशा हॉस्पिटलात ठरवलं. मेघना तिथं बाहेरून येणार होती. आदल्या संध्याकाळी ती त्यांच्या घरी आली. मी तिथंच होते. तिनं खुर्ची ओढली, त्यांना तोंड उघडायला सांगितलं, दात बघितले, दोन्ही हातांच्या शिरा चाचपल्या. उठताना ती घुटमळली. मग म्हणाली, "सर, घरी तुम्हाला काय म्हणतात?"

हे तिला कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. त्यांचाच एखादा विद्यार्थी भेटला असेल. त्या ऑपरेशननंतर उमाठे पहिल्यांदाच मोकळे हसले. ते काय म्हणाले ते मी ऐकलं, पण इथं लिहिणार नाही.

सकाळी त्यांना आत नेलं तेव्हा स्ट्रेचरच्या कडेला त्यांची बोटं पांढरी पडली होती. मेघना बाजूनं चालत होती आणि बोलत होती. दार बंद झालं. मी आणि काकू बाकावर बसलो. काकू पुन्हापुन्हा मला विचारत होत्या, "आत्ता झोपले असतील ना गं?" मी हो म्हणत होते. मला काय माहीत होतं? आयुष्य यंत्रांत घालवून त्या बंद दाराबाहेर मी काकूंइतकीच आंधळी होते.

त्या ऑपरेशननंतर लवकरच मी कायमची नागपूरला परतले. पुढल्या वर्षी उमाठे गेले, ते साध्या तापाचं निमित्त होऊन, घरी, आपल्या माणसांत. मला पोचता आलं नाही. त्यामुळे मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याच दिवशी, ऑपरेशननंतरच्या खोलीत.

मेघनानं दार उघडून आम्हाला आत बोलावलं. तिचा आवाज पार बसला होता. तिथल्या सिस्टरनं हळूच मला सांगितलं, "मैडम, पूरा टाइम बोलती रहीं उनके कान में. पहले हम हँस रहे थे."

उमाठे निश्चल पडले होते. दोन्ही हात चादरीबाहेर. मेघना वाकली आणि त्यांच्या घरातल्या नावानं हाक मारली. एकदा, दोनदा. तिच्या कपाळावर घाम होता. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

त्यांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओळखायला थोडा वेळ लागला. ओठ कोरडे पडले होते.

"बेटा," ते म्हणाले, "सुरू कधी करायचं?"

मेघना म्हणाली, "सर, झालं."

त्यांना ते खरं वाटलं नाही. त्यांचा हात सावकाश चादरीखाली गेला, पोटावरून फिरला, पिशवीची जागा चाचपली. तिथं नुसती पट्टी होती. ते कळताच त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आश्चर्य पसरलं, की काकू एकदम त्यांच्यापाशी गेल्या. उमाठ्यांनी काही विचारायला तोंड उघडलं, पण डोळे आधीच मिटत होते. हात तसाच पोटावर ठेवून ते परत झोपून गेले.